बेरोन : नावेच्या तळाशी वसलेले गाव



दर वर्षी २० सप्टेंबरला उपासनेत एक लांबलचक नाव येते : संत अँड्र्यू किम तेगोन, संत पॉल चोंग हासांग आणि त्यांचे सोबती रक्तसाक्षी. एकूण १०३ जण. वाचन करणारा मुलगा हमखास अडखळतो, समोरच्या बाकावर थोडे हसू उमटते आणि मिस्सा पुढे सरकते. हे लोक कोण, कुठले, कशासाठी मेले, हे विचारायचे राहून जाते. दोष मुलांचा नाही. आम्ही धर्मगुरूंनीच ते कधी नीट सांगितलेले नाही. पुढचा जागतिक युवा दिन २०२७ साली कोरियाची राजधानी सोल येथे भरेल, असे पोप फ्रान्सिस यांनी २०२३ साली लिस्बनमध्ये जाहीर केले, तेव्हापासून आपल्या युवकांकडूनही कोरियाविषयी प्रश्न येऊ लागले आहेत. म्हणून या अभ्यासलेखात आम्ही सगळा कोरिया न घेता एकच खेडे घेत आहोत. त्याचे नाव बेरोन.

दक्षिण कोरियाच्या मधोमध उत्तर चुंगचोंग नावाचा प्रांत आहे. या प्रांताला समुद्रकिनारा नाही, डोंगर मात्र पुष्कळ. तेथील जेचॉन शहराच्या हद्दीत, बोंग्यांग भागात, एका अरुंद दरीत बेरोन आहे. कोरियन भाषेत ‘बे’ म्हणजे नाव, होडी. दोन्ही बाजूंनी डोंगर उतरत येतात आणि मधला भाग होडीच्या तळासारखा खोलगट दिसतो, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आज शरद ऋतूत तेथील मेपलची झाडे लाल झाली की बसगाड्या भरभरून लोक येतात. त्यांतले बरेच जण ख्रिस्ती नसतात, नुसती पाने पाहायला येतात. दोनशे वर्षांपूर्वी मात्र येथे कोणी येऊ नये म्हणूनच माणसे येथे राहायला आली होती.

कोरियातील ख्रिस्तसभेची सुरुवात कोणा मिशनरीने केली नाही. चीनमधून आलेली पुस्तके वाचून काही विद्वान तरुणांनी आपापसात चर्चा सुरू केली. त्यांच्यापैकी ई सुंग-हुन हा बीजिंगला गेला, १७८४ साली तेथे त्याचा स्नानसंस्कार झाला आणि परत येऊन त्याने आपल्या मित्रांना स्नानसंस्कार दिला. पहिली दहा वर्षे धर्मगुरू नव्हताच. १७९१ साली यून जी-चुंग या श्रद्धावंताने पूर्वजांच्या स्मृतिपाट्या जाळल्या आणि आईच्या अंत्यविधीत पूर्वजपूजा केली नाही, म्हणून त्याचा शिरच्छेद झाला. कोरियन समाज कन्फ्युशियसच्या शिकवणुकीवर उभा होता. आईबापांना मान न देणारा माणूस राजालाही मान देणार नाही, असे त्यांचे तर्कशास्त्र. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही हे तर्कशास्त्र परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यापायी माणसे मेली, हे त्या वेळी पुस्तकात दिसले नाही.

तेव्हापासून श्रद्धावंत डोंगरात पळू लागले. शेती करायला सपाट जमीन नव्हती. मग त्यांनी मातीची भांडी घडवण्याचा धंदा धरला. लोणची, सोयाबीनचा रस्सा, आंबवलेल्या भाज्या ठेवण्याचे ते मोठे काळपट रांजण प्रत्येक कोरियन घरात लागतात. त्यांना ‘ओंगी’ म्हणतात. कुंभाराचा धंदा हलका मानला जाई, त्यामुळे त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नसे. शिवाय पाठीवर रांजण घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसाला कुठून आलास, कुठे चाललास असे कोणी विचारत नसे. एका डोंगरातल्या ख्रिस्ती वस्तीची बातमी दुसऱ्या वस्तीला कळायची ती या रांजणांच्या फेरीतून. ज्यांनी काल परीक्षा देऊन दरबारात मान मिळवला होता त्यांच्या मुलांचे हात आता मातीत होते. कोरियाचे पहिले कार्डिनल स्टीफन किम सू-ह्वान (१९२२–२००९) यांनी स्वतःसाठी ‘ओंगी’ हेच टोपणनाव घेतले होते. त्यांचे आजोबा रक्तसाक्षी झाले आणि वडील अशीच भांडी विकत.

बेरोन हे असेच एक कुंभारांचे गाव. त्याचे नाव इतिहासात गेले ते १८०१ साली.

त्या काळी जे होते ते थोडक्यात सांगतो. १७९४ च्या अखेरीस चिनी धर्मगुरू फादर जेम्स चोऊ वेन्मो गुप्तपणे सीमा ओलांडून कोरियात आले. तेव्हा सुमारे चार हजार श्रद्धावंत होते, ते सहा वर्षांत दहा हजारांपर्यंत गेले. १८०० साली राजा चोंगजो वारला. नवा राजा लहान होता. राजमाता कारभार पाहू लागली आणि १८०१ च्या सुरुवातीलाच ख्रिस्ती लोकांविरुद्ध हुकूम निघाला. एका घरात ख्रिस्ती सापडला तर शेजारच्या घरांनाही जबाबदार धरायचे, असा तो हुकूम होता. आपल्यामुळे इतर मरत आहेत हे पाहून फादर चोऊ स्वतः हजर झाले. ३१ मे १८०१ रोजी हान नदीच्या वाळवंटात त्यांचा शिरच्छेद झाला. त्या वर्षी सुमारे शंभर जणांना देहदंड झाला आणि सुमारे चारशे जणांना हद्दपार केले गेले.

या धरपकडीतून निसटलेला एक तरुण म्हणजे ह्वांग सा-योंग. वय सव्वीस. सोळाव्या वर्षी त्याने राज्याची परीक्षा उत्तीर्ण केली होती. राजाने कौतुकाने त्याचा हात हातात घेतला आणि राजाचा स्पर्श झालेल्या त्या मनगटाला तो पुढे रेशमी पट्टी बांधून फिरे, अशी आठवण सांगतात. असा मुलगा पुढे मोठ्या हुद्द्यावर गेला असता. तो ख्रिस्ती झाला आणि हुद्द्याची वाट संपली. १८०१ साली त्याने दाढी उतरवली, सुतकाचा पोशाख चढवला आणि तो डोंगराकडे निघाला. कोरियात सुतकातला माणूस मोठी टोपी घालून तोंड झाकून चाले आणि त्याच्याशी बोलणे अशिष्ट समजले जाई. पुढे फ्रेंच मिशनरीही याच वेषात देशभर हिंडले. छळ करणाऱ्यांच्याच रीतीचा असा आडोसा झाला.

बेरोनच्या कुंभारांनी त्याला भट्टीजवळच्या एका खोदलेल्या बिळात लपवले आणि तोंडाशी रांजण रचून ठेवले. तेथे काही महिने तो राहिला. आज ती गुहा पुन्हा बांधून काढली आहे. आत उभे राहता येत नाही.

त्या बिळात बसून ह्वांगने पत्र लिहिले. रुंदी ६२ सेंटिमीटर आणि उंची ३८ सेंटिमीटर असा पांढऱ्या रेशमाचा तुकडा. त्यावर १२२ ओळी आणि तेरा हजारांहून अधिक चिनी अक्षरे. मुंगीएवढी अक्षरे. कारण पत्र कोणाच्या तरी अंगरख्यात शिवून सीमेपार न्यायचे होते. पत्र होते बीजिंगचे बिशप अलेक्झांडर द गूव्हेया यांना. हे पोर्तुगीज फ्रान्सिस्कन होते. येथे आपल्यासाठी एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे : बीजिंगचा धर्मप्रांत १६९० साली स्थापन झाला तो गोव्याच्या महाधर्मप्रांताच्या अधीन म्हणून. म्हणजे बेरोनच्या बिळातून निघालेल्या हाकेचा कागदोपत्री रस्ता बीजिंगमार्गे गोव्याकडेच येत होता.

पत्राचा मोठा भाग छळाचा वृत्तांत आहे. कोण कसा पकडला गेला, कोण कसा मेला, कोणी धीर सोडला, फादर चोऊ कसे जगले आणि कसे गेले. इतिहासकारांना त्या वर्षाची जी माहिती आहे तिचा मोठा वाटा या पत्रातून आला आहे. शेवटी मात्र ह्वांग उपाय सुचवतो. पश्चिमेकडून पैसा पाठवावा, हा पहिला उपाय. पोपमहोदयांनी चीनच्या बादशहाला लिहून कोरियाच्या राजावर दबाव आणावा, हा दुसरा. जमल्यास कोरिया चीनच्या ताब्यात घ्यावा, हेही तो लिहितो. आणि शेवटचा उपाय : पश्चिमेकडून काही शे जहाजे, पन्नास-साठ हजार सैनिक, तोफा आणि दारूगोळा घेऊन यावे, म्हणजे हा देश घाबरून धर्मप्रसाराला परवानगी देईल.

पत्र निघालेच नाही. ते नेणारा माणूस पकडला गेला होता. ५ नोव्हेंबर १८०१ रोजी ह्वांगलाही पकडले आणि रेशमाचा तुकडा त्याच्याजवळ सापडला. सोलच्या पश्चिमेकडील लहान दरवाजाबाहेर त्याला राजद्रोह्याची शिक्षा झाली. ती साध्या शिरच्छेदाहून भयंकर असते, तिचे वर्णन येथे नको. दरबाराने मूळ पत्राची सुमारे नऊशे अक्षरांची सोयीची संक्षिप्त प्रत तयार केली, आपण चिनी धर्मगुरू मारला हे त्यातून वगळले आणि ती चीनच्या बादशहाकडे पाठवली. भीती दोन्हीकडे होती.

शिक्षा एकट्याला होत नसे. ह्वांगची आई एका बेटावर पाठवली गेली. पत्नी चोंग नान-जू हिला जेजू बेटावर गुलाम म्हणून धाडले. तिच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा होता. जेजूला पोचला तर मुलगाही जन्मभर गुलाम राहणार. म्हणून वाटेत चूजा बेटाजवळ तिने त्याला किनाऱ्यावर सोडले आणि ओ नावाच्या एका कोळी कुटुंबाने त्याला वाढवले. त्या बेटावर ह्वांग आणि ओ या दोन घराण्यांत अजून सोयरीक होत नाही, भावंडे समजतात, असे सांगतात. आई पुढे सदतीस वर्षे जेजूवर जगली आणि १८३८ साली तेथेच वारली. तिची आणि मुलाची पुन्हा भेट झाली नाही.

तिचे दोन काका आधीच हद्दपार होते. या पत्रामुळे त्यांना परत आणून चौकशी झाली आणि आणखी दूर धाडले गेले. त्यांच्यातला एक चोंग याक-योंग, कोरियाचा फार मोठा विचारवंत. त्याने अठरा वर्षांच्या हद्दपारीत राज्यकारभारावर ग्रंथ लिहिले. दुसरा चोंग याक-जोन एका दूरच्या बेटावर गेला आणि कोळ्यांना विचारून विचारून १८१४ साली त्याने मासळीवर एक पुस्तक पूर्ण केले. कोणता मासा केव्हा येतो, कसा दिसतो, कसा लागतो. समुद्रकाठच्या वाचकांना हे पुस्तक आवडले असते. तिसरा काका ऑगस्टिन चोंग याक-जोंग छळाच्या आरंभीच रक्तसाक्षी झाला होता आणि त्याचाच मुलगा तो पॉल चोंग हासांग, ज्याच्या नावावर आपला वाचक अडखळतो.

रेशमी पत्र दरबाराच्या दप्तरात पडून राहिले. १८९४ साली जुने कागद काढून टाकताना ते सापडले आणि एका श्रद्धावंताच्या हातून सोलचे बिशप म्यूतेल यांच्याकडे पोचले. १९२५ साली रोममध्ये कोरियाच्या ७९ रक्तसाक्षींना धन्य घोषित केले गेले, तेव्हा ते पोप अकरावे पायस यांना भेट देण्यात आले. आज ते व्हॅटिकनमध्ये आहे.

आता प्रश्न असा की ह्वांग सा-योंग रक्तसाक्षी की देशद्रोही? १९८४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी सोलमध्ये ज्या १०३ जणांना संतपद दिले त्यांत तो नाही. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी ज्या १२४ जणांना धन्य घोषित केले त्यांतही नाही. कोरियन शाळांतील इतिहासात त्याचे नाव येते ते परकी फौज बोलावणारा म्हणून. बेरोनला येणारे यात्रेकरू मात्र त्याच्या गुहेपुढे गुडघे टेकतात.

कोरियन माणसाला ते पत्र का झोंबते हे समजायला थोडे मागे जावे लागेल. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर चढवले, तो हुकूम जपानच्या हिदेयोशीचा. याच हिदेयोशीच्या फौजांनी १५९२ ते १५९८ या काळात कोरिया जाळून काढला होता. समुद्रावरून येणारी शेकडो जहाजे म्हणजे काय, हे त्या लोकांच्या आजी-पणजीने सांगितलेले होते. ह्वांगने तीच जहाजे मागितली, फक्त दुसऱ्या दिशेने.

आम्ही त्याच्याकडे दगड घेऊन जाणार नाही. बिळात बसलेल्या, सगे मारले गेलेल्या सव्वीस वर्षांच्या मुलाने काय लिहावे हे आम्ही पंख्याखाली बसून ठरवणे बरे नव्हे. तरीही त्याची मागणी चुकीची होती, असेच आम्हांला वाटते. आणि ती चुकीची होती हे पुढे घडून दिसले, कारण जहाजे खरोखर आली.

१८६६ साली छळाची सर्वांत मोठी लाट उठली. फ्रान्सचे नऊ मिशनरी मारले गेले. निसटलेल्या फादर रिडेल यांनी होडीने चीन गाठले आणि फ्रेंच आरमाराला खबर दिली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अ‍ॅडमिरल रोझ सात जहाजे घेऊन कांगह्वा बेटावर उतरला, फादर रिडेल दुभाषी म्हणून बरोबर होते. फ्रेंचांनी काही आठवडे बेट ताब्यात ठेवले, राजवाड्याच्या ग्रंथालयातील पुस्तके उचलली आणि ते निघून गेले. पुस्तके २०११ साली परत आली. जहाजे परत गेल्यावर राज्यकर्त्याने काय केले? परक्यांच्या जहाजांनी नदी विटाळली ती त्यांच्या मित्रांच्या रक्ताने धुवायची, असे म्हणून ती जहाजे जिथवर आली होती तिथल्या कड्यावर श्रद्धावंतांची डोकी उडवली. तो कडा आज चोल्दुसान, म्हणजे शिरच्छेदाचा डोंगर, म्हणून ओळखला जातो. त्या छळात एकूण आठ हजार माणसे गेली असा अंदाज आहे. ह्वांगचे पत्र रोमला पोचले असते तर हेच पासष्ट वर्षे आधी झाले असते.

डिसेंबर २००० मध्ये कोरियाच्या बिशपांनी एक जाहीर निवेदन काढले. छळाच्या काळात आपल्यातील काहींनी परकी सत्तेच्या बळावर ख्रिस्तसभा वाचवू पाहिली आणि त्यामुळे देशबांधव दुखावले, याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. आपल्या आजोबा-पणजोबांसाठी क्षमा मागणे सोपे नसते. तुमचा धर्म परक्यांचा, असे आपल्यालाही कधी शाळेत, कधी गाडीत ऐकवले जाते. त्यावर आपण लगेच वितंडवाद घालतो. कोरियन बिशपांनी वाद न घालता आधी आपल्या बाजूचे चुकलेले काय ते सांगितले, ही गोष्ट आम्हांला शिकण्यासारखी वाटली.

बेरोनपासून जवळच, त्याच बोंग्यांग भागात, जायांग योंगदांग नावाचे स्मारकगृह आहे. येथे कन्फ्युशियन पंडितांची शाळा होती. १८९५ च्या ऑक्टोबरात जपान्यांनी कोरियाच्या राणीला राजवाड्यात ठार मारले आणि वर्षअखेरीस पुरुषांनी शेंडीची गाठ कापावी असा हुकूम निघाला. तेव्हा या शाळेचे गुरू यू इन-सोक यांनी शिष्यांना गोळा केले आणि ‘ऊइब्योंग’ म्हणजे न्यायाची फौज उभारली. पंडितांनी पोथ्या ठेवून हाती बंदुका घेतल्या आणि १८९६ साली चुंगजू शहरही जिंकून दाखवले, ते फार दिवस टिकले नाही. १९०७ साली जपानी सैन्याने सूड म्हणून जेचॉन गाव जाळले. ब्रिटिश पत्रकार मॅकेन्झी तेथे गेला तेव्हा त्याला गावाच्या जागी राख सापडली.

या पंडितांचा गुरुपरिवार ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक. खरी शिकवण जपा, खोटी हाकला, हे त्यांचे ब्रीद. आणि शेजारच्या दरीत ख्रिस्ती कुंभार. बेरोनला जाणाऱ्याने या स्मारकगृहालाही भेट द्यावी, असे आम्ही मुद्दाम सुचवू. आपल्याला मारणाऱ्यांच्या पंगतीत बसलेली माणसेही देशासाठी घर सोडून गेली आणि परमुलुखात मेली, हे पाहिले की इतिहास सोपा वाटेनासा होतो. पुढे तर गुंता वाढतो. १९०९ साली जपानी मुत्सद्दी इतो हिरोबुमीवर गोळ्या झाडणारा आन जुंग-गुन हा थॉमस नावाचा श्रद्धावंत कॅथलिक होता आणि न्यायाच्या फौजेत लढलेला. मरण्यापूर्वी त्याने धर्मगुरू मागितला. बिशप म्यूतेल, म्हणजे ज्यांनी ह्वांगचे रेशीम जपले तेच, यांनी धर्मगुरू पाठवायला नकार दिला. फादर विल्हेल्म नकार डावलून तुरुंगात गेले, त्यांनी त्याला प्रायश्चित संस्कार दिला आणि त्यासाठी शिक्षा भोगली. आनची बाजू ख्रिस्तसभेने उघडपणे मान्य केली ती १९९३ साली, कार्डिनल किम यांनी त्याच्यासाठी मिस्सा अर्पण केली तेव्हा.

पुन्हा दरीत येऊ. ह्वांगच्या गुहेपासून थोड्या अंतरावर एक गवती छपराचे घर आहे. दोन खोल्यांचे. मूळ घर कोरियन युद्धात जळाले, सध्याचे २००३ साली पुन्हा बांधले. ही संत जोसेफ सेमिनरी, कोरियातील पहिली. १८५५ साली फादर मेस्त्र यांनी ती सुरू केली. घर दिले जोसेफ चांग जू-गी या धर्मशिक्षकाने, आणि देऊन तो बाजूला झाला नाही. अकरा वर्षे तो तेथील राखणदार, शेतकरी आणि व्यवस्थापक होता. फादर पूर्तिये आणि फादर प्तीनिकोला हे दोन फ्रेंच धर्मगुरू लॅटिन, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवत. विद्यार्थी दहाच्या आसपास. बाहेरून हे एका कुंभाराचे घर. फादर पूर्तिये यांनी रात्री जागून लॅटिन, चिनी आणि कोरियन असा शब्दकोश रचला होता, तो छळात नष्ट झाला.

मार्च १८६६ मध्ये शिपाई आले. दोघा धर्मगुरूंना ११ मार्चला मारले. चांगला मिशनरींनी आग्रह करून वाटेतूनच परत पाठवले होते, पण काही दिवसांनी तो पुन्हा पकडला गेला आणि घर माझेच आहे असे त्याने सांगून टाकले. ३० मार्चला, शुभ शुक्रवारी, समुद्रकाठी गाल्मेमोत येथे बिशप दाव्हलुई यांच्याबरोबर त्याचा शिरच्छेद झाला. चांग आज संत आहे. ते दोघे प्राध्यापक संतांच्या यादीत नाहीत. या सेमिनरीतून त्या अकरा वर्षांत एकही धर्मगुरू बाहेर पडला नाही. कोरियात पुढचे कोरियन धर्मगुरू अभिषिक्त झाले ते १८९६ साली. आमच्या सेमिनरीच्या भिंतीवर माजी विद्यार्थ्यांच्या फोटोंच्या रांगा होत्या. बेरोनच्या भिंतीवर लावायला एकही फोटो नसता.

सेमिनरीच्या मागच्या टेकडीवर फादर थॉमस छे यांग-ओप यांची कबर आहे. आम्हांला बेरोनमधली सर्वांत महत्त्वाची जागा हीच वाटते.

१८३६ साली फादर मोबां यांनी तीन मुलांना धर्मगुरू होण्यासाठी मकावला पाठवले : किम तेगोन, छे यांग-ओप आणि छे बांग-जे. पंधरा-सोळा वर्षांची पोरे, चीनभर चालत गेली. बांग-जे वर्षभरात तापाने मेला. किम १८४५ साली धर्मगुरू झाले आणि १८४६ साली पंचविसाव्या वर्षी रक्तसाक्षी झाले. उरले एकटे छे.

इकडे घरी काय चालले होते? वडील फ्रान्सिस यांना १८३९ साली फटके मारमारून तुरुंगात मारले, ते संत आहेत. आई मारिया ई सोंग-र्ये तान्ह्या मुलासह तुरुंगात होती. अंगात दूध नाही. बाळ तिच्यासमोर उपासमारीने मेले. बाहेर आणखी चार मुले भीक मागत होती. त्यांच्यासाठी तिने तोंडाने श्रद्धा नाकारली आणि ती सुटली. मोठा मुलगा धर्मगुरू होण्यासाठी परदेशी गेला आहे हे कळल्यावर तिला पुन्हा पकडले. तेव्हा तिने आपला नकार मागे घेतला आणि ३१ जानेवारी १८४० रोजी तिचा शिरच्छेद झाला. मुलांनी भीक मागून मिळवलेले नाणे आणि तांदूळ मारेकऱ्याला दिले आणि आईला एका घावात मारा, दुखू देऊ नका अशी विनवणी केली, अशी परंपरा आहे. आईच्या त्या नकारामुळे तिची बाब दीर्घ काळ मागे राहिली. २०१४ साली तीही धन्य घोषित झाली. फादर छे यांनी ही हकिकत स्वतः लॅटिन पत्रातून आपल्या गुरूंना कळवली आहे. काही लपवले नाही. त्यांची अशी एकोणीस पत्रे उपलब्ध आहेत.

१८४७ साली ते फ्रेंच युद्धनौकेवर दुभाषी म्हणून कोरियाच्या किनाऱ्यापर्यंत आले. ह्वांगने मागितलेले जहाज! दोन्ही नौका वाळूत रुतल्या. महिनाभर ते एका बेटावर, समोर आपला देश. मला येथेच राहू द्या म्हणून त्यांनी विनवले, कप्तानाने ऐकले नाही. १५ एप्रिल १८४९ रोजी शांघायमध्ये ते धर्मगुरू झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात थंडीत पायी सीमा ओलांडून आत आले. जहाजाने जे जमले नाही ते पायांनी जमले.

पुढची साडेअकरा वर्षे ते चालले. पाच प्रांत, १२७ वस्त्या, वर्षाला सुमारे सात हजार ‘री’, म्हणजे अठ्ठावीसशे किलोमीटर. दिवसा चालायचे, रात्री वस्तीत प्रायश्चित संस्कार, शिकवण, मिस्सा आणि उजाडायच्या आत पुढच्या डोंगराकडे. काही वस्त्यांत वर्षातून एकदाच धर्मगुरू दिसे. निरक्षरांना पाठ व्हावे म्हणून त्यांनी श्रद्धेची शिकवण लोकभाषेतील गाण्यांच्या चालीत बसवली. १५ जून १८६१ रोजी टायफॉइड आणि थकव्याने ते वाटेतच गेले. वय चाळीस. फादर पूर्तिये धावत पोचले तेव्हा त्यांच्या तोंडून येशू आणि मारिया एवढीच नावे निघत होती. बिशप बेर्नू यांनी त्यांचा मृतदेह बेरोनला आणून पुरला.

कोणी त्यांना मारले नाही, म्हणून ते रक्तसाक्षी नव्हेत. कोरियन लोक त्यांना घामाचा साक्षी म्हणतात. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे वीरोचित सद्‌गुण मान्य केले. संतपदाला अजून वेळ आहे. आमच्यासारख्या, आजाऱ्याच्या घरी जायलाही मोटरसायकल काढणाऱ्या धर्मगुरूला १२७ हा आकडा डोळ्यांत खुपतो, हे येथे कबूल केलेले बरे.

आसपास आणखी पाहण्यासारखे आहे. जेचॉनचे ऊइरिमजी हे कोरियातील अतिप्राचीन जलाशयांपैकी एक, बांधावर जुने पाइन वृक्ष आणि शेतीला अजून त्याचेच पाणी. बाक्दालजे हा घाट, ज्याच्यावरचे १९४८ सालचे गाणे म्हाताऱ्या कोरियन माणसांना हमखास येते. १९८५ साली पूर्ण झालेल्या चुंगजू धरणात चोंगफुंग परिसरातील गावे बुडाली, तेव्हा १३१७ साली प्रथम बांधलेला हानब्योंग मंडप आणि इतर जुन्या वास्तू उचलून उंचावर नेल्या, त्या तेथे पाहता येतात. विस्थापितांच्या घरांचे काय झाले हे मात्र अशा ठिकाणी कोणी फारसे सांगत नाही.

सोलहून जेचॉनला जलद रेल्वेने सुमारे तासाभरात पोचता येते. पुढे दरीपर्यंत रस्ता आहे. ज्या युवकांना २०२७ ला जायचे आहे त्यांनी बेरोन यादीत घालावे. कोरियाचा एक नकाशा आम्ही चर्चच्या दाराजवळील फलकावर लावला आहे, बेरोनच्या जागी लाल टाचणी टोचली आहे. आणि २० सप्टेंबरच्या वाचकाने आदल्या संध्याकाळी धर्मगुरूनिवासात येऊन ती नावे एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत.